गरम खोलीचं दार

हे लिहायचं नाही असं मी जवळपास ठरवूनच टाकलं होतं. लिहिलं की शेकोटीची, म्हणजे माझ्या दोस्ताची, चुगली केल्यासारखं वाटणार. पण नाही लिहिलं तर सोमवारी कारखान्यातल्या चौकशीत सगळ्यांसमोर उभा राहिल्यावर माझी बोबडी वळणार, आणि जे बोलायचंय ते सोडून मी भलतंच काहीतरी बरळणार. माझं नेहमीच तसं होतं. म्हणून आधी सगळं मोबाईलवर टाइप करतोय, सोमवारी वाचायचं ते त्यातून निवडीन. दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकीपाशी जातो, परत येऊन बसतो. आई दोनदा विचारून गेली, "पोट बिघडलंय का रे?"

तर आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या कारखान्यात खाण्याच्या पाकिटांची फिल्म बनते. दुकानात जे पाकीट दिसतं ते एकाच प्लास्टिकचं नसतं. बाहेरचा छापलेला थर वेगळा, खाण्याला लागतो तो आतला थर वेगळा, आणि मधे गोंद. दोन्ही थर चिकटवून मोठा रोल गुंडाळला की तो जातो गरम खोलीत. तिथे त्याने काही करायचं नसतं, नुसतं पडून राहायचं. गोंदाचे दोन भाग असतात, ते उबेत हळूहळू एकमेकांना धरतात. नीट धरले की विषय संपला. नाही धरले तर जे सुटं राहतं ते आतल्या पातळ थरातून पलीकडे उतरतं. पलीकडे खाणं असतं. गरम गरम भरलेलं असेल तर आणखी लवकर उतरतं.

त्या खोलीला आम्ही बाळंतखोली म्हणतो. "किती बाळंतिणी आहेत आज?" असं विचारलं की किती रोल पडून आहेत ते समजायचं.

ती खोली सांभाळतो शेकोटी. थंडी पडली की माणसं त्याच्याभोवती गोळा होतात म्हणून शेकोटी. माझ्यापेक्षा थोडा मोठा, लग्न झालेला, एक लहान मुलगी. मी कारखान्यात नवा असताना मला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा यानेच हाक मारली होती, "ए नवीन, तुझा डबा दे इकडे, गार काय खातोस?" आणि माझा डबा त्याने गरम खोलीत ठेवला होता. दुपारी उघडला तर आईने आत्ताच वाढल्यासारखा. त्या दिवसापासून आमची दोस्ती.

मी कटिंग मशीनवर असतो. मोठा रोल कापून गिऱ्हाइकाला हव्या त्या रुंदीचे छोटे रोल करायचे. कापताना कडेची बारीक पट्टी निघते, ती कचऱ्यात जाते. ती पट्टी उचलून नखाने सोलत बसायची मला वाईट खोड आहे. हाताला काहीतरी चाळा लागतो मला, रिकामा बसला की बोटं खाजतात. गोंद मुरलेला असेल तर थर सुटत नाहीत, पट्टी फाटते. मी तरी सोलत बसतो. म्हणून माझं नाव सोल्या.

गुरुवारी सकाळी पट्टी सुटली.

केळ्याचं साल निघावं तशी सहज. आत ओलसर, चिकट, बोटांना तार येत होती. मी दुसरी घेतली, ती पण तशीच. मशीन थांबवलं. रोलवरचा टॅग बघितला तर हिरवा, म्हणजे खोलीतली मुदत पूर्ण. छपाई बघितली. सफरचंद, गाजर आणि एक हसरं बाळ. लहान मुलांच्या पातळ खाऊच्या पिशव्या, ज्यांना वर तोटी असते आणि मुलं तोंडाला लावून चोखतात, त्यांची फिल्म.

मी पट्टी घेऊन तसाच क्वालिटीच्या मॅडमकडे पळालो. मॅडम कडक आहेत पण कामाला पक्क्या. त्यांनी स्वतः सोलून बघितली, बोटं एकमेकांवर चोळली, आणि म्हणाल्या, "मशीन बंद ठेव. हा रोल लाल टेप लावून बाजूला."

मग त्या गरम खोलीत गेल्या. भिंतीवरचं तापमान बघितलं, बरोबर होतं. मागच्या रांगेतल्या एका रोलची कड कापून आणली, ती घट्ट होती. बाहेर येऊन म्हणाल्या, "खोलीचा प्रश्न नाही. गोंदाचं माप चुकलं असणार."

म्हणजे संशय गेला लॅमिनेशनच्या, थर चिकटवायच्या मशीनवरच्या काकांवर. गोंदाचे दोन भाग वजन करून मिसळायचं काम त्यांचं. साहेब येऊन सगळ्यांसमोर बोलले त्यांना. "झोपेत वजन करता का?" काकांनी काटा पुसला, परत वजन केलं, परत पुसला.

मी आपल्या जागेवर येऊन बसलो, उठलो, परत बसलो. काका मापात चुकत नाहीत. घरी चहात साखरसुद्धा वजन करून घालत असतील असा माणूस.

जेवणाची सुट्टी झाली. डबा घ्यायला मी गरम खोलीकडे गेलो, आणि पायाला वारा लागला.

दार उघडं होतं. दारात पुठ्ठ्याची जाड नळी आडवी घातलेली, रोल गुंडाळतात ती. नेहमीच असते. थंडी सुरू झाल्यापासून सगळ्यांचेच डबे तिथे यायला लागले, सकाळी ठेवायला रांग, दुपारी काढायला रांग, चहाच्या वेळी कोणाचं काय, कोणाचं काय. जड दार सारखं ओढून हात दुखतात म्हणून नळी. रोज तिच्यावरून पाय टाकून मी आत जातो. त्या दिवशी मी तिथेच थांबलो.

दाराजवळच्या रांगेतल्या रोलला हात लावला. गार. गाल लावून बघितला. गार. मागच्या रांगेत गेलो, तिथला रोल मस्त कोमट. तापमानाचं यंत्र कुठे? मागच्या भिंतीवर, गरम हवेच्या पंख्याशेजारी.

शेकोटी डबे वाटत होता. "घ्या, घ्या, हात भाजून घेऊ नका, वहिनी मला शिव्या देतील." सगळे गेल्यावर मला म्हणाला, "काय रे, रोलला मिठ्या मारतोयस? घरी लग्नाचं सांगू का?"

"शेकोटी, हे दार असंच उघडं असतं?"

"का? वारा लागतो? शाल आणू?"

"रोल गार आहे."

"मग काय त्याला ताप यायला पाहिजे?"

"पुढच्या रांगेतले रोल गार आहेत. लहान मुलांच्या पिशव्यांचे. ते पुढे का लावलेत?"

"लवकर जायचे असतात म्हणून. मागून काढताना कंबर मोडते माझी." मग त्याचं हसू अर्धवट राहिलं. "थांब. म्हणजे तुझं म्हणणं, सकाळचा तो रोल माझ्यामुळे?"

"दारामुळे."

"दार कोण उघडं ठेवतं?"

मी नळीकडे बघितलं.

"बोल ना, सोल्या. सगळं सोलतोस, हे पण सोल."

"तिकडे काकांना बोलणी बसतायत रे."

तो एका उलट्या बादलीवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "हे बघ. डबे उद्यापासून बंद. दार बंद. पुढचे रोल मागे घेतो, जास्त दिवस ठेवतो. काकांचं काय, साहेबांची सवयच आहे, उद्या विसरतील. झालं ना?"

"आणि जे गेले?"

"गेले ते गेले."

"थंडी पडल्यापासून किती गेले असतील? तिकडे खाऊच्या कंपनीत उकळतं भरतात त्यात. आजही भरत असतील."

"कोणाला काही झालंय का? कोणी मेलंय? तू मोबाईलवर चार गोष्टी वाचतोस आणि डॉक्टर झाल्यासारखा बोलतोस!"

वाचतो मी, खरं आहे. शाळा सुटली तेव्हापासून मिळेल ते वाचतो, अर्धं कळतं, अर्धं परत वाचतो. हेही वाचलंय की एखाद्या पिशवीने कोणाला काही होत नाही. ताप नाही, उलटी नाही. त्या सुट्या राहिलेल्या गोंदाला वास नाही, रंग नाही, चव नाही. कुठलीच आई तक्रार घेऊन येणार नाही, मूल सांगू शकणार नाही. रोज थोडं थोडं जात राहणार, आणि वर्षांनी काही झालंच तर या नळीची आठवण कोणाला येणार?

हे सगळं मला त्याला सांगायचं होतं. तोंडातून निघालं फक्त, "वास येत नाही रे त्याला."

"मग तुला कसा आला?" असं म्हणून तो उठला आणि त्याने नळीला लाथ मारली. दार धाडकन बंद झालं. आम्ही दोघं आत. गरम होत होतं. माझा डबा हातात, अजून न उघडलेला.

दुपारभर माझं कामात लक्ष नव्हतं. मॅडमच्या केबिनपर्यंत जाऊन परत आलो, परत गेलो. काय सांगणार? शेकोटीमुळे? त्याची नोकरी गेली तर? त्या खोलीशिवाय दुसरं कुठलं काम त्याने केलेलं नाही. आणि नाही सांगितलं तर काका उद्याही काटा पुसत बसणार, आणि तिकडे गरम गाजर त्या पिशव्यांत पडत राहणार.

सुटी झाल्यावर शेकोटी गेटपाशी उभा. "घरी चल. वहिनीने बोलावलंय." वहिनीने बोलावलं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

त्याचं घर म्हणजे दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. पलंगाखाली एक पुठ्ठ्याचा खोका. खाऊची कंपनी मधूनमधून भरलेल्या पिशव्यांचा खोका आमच्याकडे पाठवते, ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना वाटतात. शेकोटीची ठमी जमिनीवर पाय पसरून बसली होती. तोंडात तोटी. हसऱ्या बाळाची पिशवी दोन्ही हातांनी दाबत होती.

"भावोजी, बघा ना," वहिनी म्हणाल्या, "वाटीत काढून दिलं की तोंड फिरवते. पिशवीच पाहिजे. म्हटलं, बापानेच बनवलीय, लाड तर होणारच."

मी शेकोटीकडे बघितलं नाही. तो ठमीकडे बघत होता.

मग एकदम वाकला आणि त्याने तिच्या हातातून पिशवी काढून घेतली. ठमीने भोकाड पसरलं.

"अहो, अर्धी आहे अजून!"

"संपली, संपली," म्हणत तो ओट्याकडे गेला. पिशवी मोरीत पिळली, कात्रीने कड कापली, पाण्याखाली धुतली. आणि नखाने सोलायला लागला. त्याला येत नव्हतं. नखं जाड, हात घामेजलेला. मला म्हणाला, "तू बघ. तुला जमतं."

वहिनी ठमीला कडेवर घेऊन आमच्याकडे बघत राहिल्या. दोन बाप्ये खरकटी पिशवी सोलतायत.

मी एक कोपरा धरला, नख घातलं. पट्टी फाटली. दुसरा कोपरा, फाटली. खालची बाजू, फाटली.

"पक्की आहे," मी म्हणालो.

शेकोटीने श्वास सोडला. ओट्याला टेकून उभा राहिला. ठमी किंचाळतच होती. वहिनींनी पलंगाखालच्या खोक्यातून दुसरी पिशवी काढली आणि झाकण फिरवायला लागल्या.

"ती नको. भात भरव."

"आत्ता तर भावोजी म्हणाले, पक्की आहे."

"ही पक्की आहे गं. ती कोणी बघितलीय?"

वहिनींनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हातातली पिशवी हळूच खोक्यात परत ठेवली. ठमी भात थुंकत होती, मग थोडा गिळला, परत थुंकला. शेकोटी खोका उचलून दाराबाहेर ठेवून आला. मग परत गेला आणि जिन्याच्या आणखी खालच्या पायरीवर ठेवून आला. शेजारच्या पोराने उचलला तर, म्हणून परत गेला आणि घरात आणून माळ्यावर टाकला.

मला सोडायला खालपर्यंत आला. रस्त्यावर गाड्या, हॉर्न, त्यात तो बोलला, "तू सकाळी मॅडमना सांगणार ना?"

"हो."

"मी नको म्हणालो तरी?"

"हो."

"सांगशील, पण घोळ घालशील. एकाचं चार करशील. मॅडमना वाटेल, मी रोलवर भाजी शिजवत होतो." त्याने नाक ओढलं. "मीच बोलतो. तू फक्त बरोबर चल."

शुक्रवारी सकाळी आम्ही केबिनच्या बाहेर उभे होतो. काका आत होते, कालच्या मापांचा हिशेब देत. ते बाहेर आले, डोळे लाल. शेकोटी त्यांना म्हणाला, "काका, घरी जाऊ नका, थांबा जरा." आणि आत शिरला.

त्याने सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा कितीतरी सरळ. दार, नळी, पुढची रांग, मागच्या भिंतीवरचं यंत्र. मॅडम वहीत लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या खोलीत डबे कोणाकोणाचे असतात?"

"सगळ्यांचे."

"सगळ्यांचे म्हणजे?"

शेकोटीने मान खाली घातली. "तुमचाही असतो मॅडम. हिरव्या झाकणाचा."

मॅडमच्या कानापर्यंत लाली चढली. मला वाटलं, आता या ओरडणार. त्या म्हणाल्या, "असतो," आणि फोन उचलला. खाऊच्या कंपनीला लावला. "मशीन थांबवा. हो, आत्ता. आमच्याकडून आलेली फिल्म बाजूला काढा. भरलेला माल गोदामातून हलवू नका... कारण नंतर लिहून पाठवते, आधी थांबवा."

तिकडून कोणीतरी बराच वेळ ओरडत होतं. मॅडम "हो" म्हणत राहिल्या. फोन ठेवून आम्हाला म्हणाल्या, "गोदामात आहे ते थांबलं. त्याआधीचा माल दुकानात आहे. त्याच्या पिशव्या परत मागवून लॅबला पाठवते. काय निघेल, मला आत्ता सांगता येणार नाही."

हेच मला सतावतंय. काय निघेल ते कोणालाच सांगता येत नाही. काल बाजारातून जाताना एका बाईच्या कडेवरचं पोर तोटी चोखत होतं. मी त्यांच्यामागे चालत गेलो, काय बोलावं सुचेना. बाईंनी वळून बघितलं आणि पर्स घट्ट धरली. मी पळालो.

शुक्रवारी दुपारी काकांचं नाव मोकळं झालं. साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही, पण काट्याजवळून जाताना खाकरले. शेकोटीला सांगितलं, सोमवारी चौकशी आहे, तोपर्यंत घरी बस. गरम खोलीला कुलूप लागलं. डबे बाहेरच्या टेबलावर, गार.

"गिळा आता बर्फ, सोल्याच्या कृपेने," कोणीतरी मोठ्याने म्हणालं. सगळे हसले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. ज्यांचे डबे दोन-दोन असायचे तेच सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. "आम्हाला काय माहीत, तोच म्हणायचा ठेवा म्हणून." "आम्ही कधी त्या दाराला हातसुद्धा लावला नाही."

मी डबा तसाच बंद केला आणि गेटकडे धावलो.

शेकोटी पिशवी खांद्याला लावून निघाला होता. पिशवीत त्याचा डबा खुळखुळत होता. मला बघून थांबला.

"जेवलास?"

"गार होतं."

"मग गार खायला शीक." हसला, पण अर्धवट. "ऐकलं मी आतलं. सोमवारी सगळे हेच म्हणणार, शेकोटीने ठेवायला सांगितलं. खरंच आहे, सांगितलं मी. आवडायचं मला, सगळे येतात, बसतात, हसतात. पण सोल्या, मी एकट्यानेच दार उघडं ठेवलं का रे?"

"नाही."

"तुला विचारतील तेव्हा तुझी बोबडी वळेल."

"लिहून आणतो. तेच वाचतो."

"काय लिहिशील?"

एक ट्रक आत आला, आम्ही बाजूला झालो, धूळ बसेपर्यंत दोघंही डोळे चोळत होतो.

"पहिली ओळ माझी," मी म्हणालो. "दाराजवळच्या फळीवर पहिला डबा माझा असायचा, आणि नळीवरून पाय टाकून रोज मीही आत जात होतो. ही ओळ वाचल्याशिवाय तुझं नाव घेणार नाही. साहेब ओरडले तरी, सगळे हसले तरी. वचन देतो तुला."